हरतालिकेच्या दिवशी खाल्लेली भाकर

दिवाळीनंतर आमच्या घरातली बैठकीची खोली कापसाची व्हायची. वेचणी झाली की बाबा गाठोडी आणून तिथेच सोडायचे आणि भाव येईपर्यंत तो ढीग वाढत वाढत पार आढ्याला टेकायचा. पाहुणे आले तर त्यांना छपरीत बसवायचं, चहाही तिथेच द्यायचा. देवाचा पाट कापसाच्या कडेला आणि आम्ही पोरं कापसावर. मी आणि माझी मोठी बहीण त्या ढिगावरच झोपायचो. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, सकाळी माय आमच्या केसांतून सरक्या वेचून काढायची आणि बडबडायची. पण मला तिथे जशी झोप लागायची तशी नंतर कुठल्याच गादीवर लागली नाही. कापसात माणूस बुडतो, त्याचा आकार दिसत नाही. तेव्हा हे मला असं शब्दांत माहीत नव्हतं. एवढंच कळायचं की तिथे असताना मला कोणी नीट बस, ओढणी घे, पाय मिटून घे, असं म्हणत नाही.

माझं घरातलं नाव बेबी. मुलगी म्हणून मी जन्मलो, मुलगी म्हणून मला वाढवलं, आणि मी मुलगी नव्हतो. हे एवढंसं वाक्य सरळ लिहिता यावं म्हणून माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा ते आधीच लिहून टाकतो. पुढे वाचणाऱ्याला कोडं पडू नये. आता कानाजवळचे केस पांढरे होऊ लागले आहेत, शेजारी मला दादा म्हणतात, किराणावाला भाऊ म्हणतो, आणि मला त्यात काही विशेष वाटेनासं झालं आहे. पण त्या घरात असताना मला स्वतःला काय म्हणायचं हेच ठाऊक नव्हतं. आमच्या बोलीत अशा माणसासाठी शिवी होती. शब्द नव्हता.

गाव मोताळा तालुक्यातलं, धामणगाव बढेच्या अलीकडचं. घर पहाटेच जागं व्हायचं ते मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. माय कळण्याची भाकर करायची, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, जरा काळसर, खमंग. ती गरम असताना तिच्यावर कच्चं तेल आणि ठेचा, बस, दुसरं काही लागायचं नाही. बाबा गोठ्यातून बैलांशी बोलत यायचे. माणसांशी ते फार बोलत नसत. शाळेला सुटी असली की मला शेतात न्यायचे. तिथे मी वखरामागे चालायचो, बैल वळवायचो, मोटारीचं बटण दाबायचो. तिथे बाबा मला ‘धर बे कासरा’ म्हणायचे. ‘बे’ आमच्याकडे पोरांनाच म्हणतात; घरी ते मला कधी बे म्हणायचे नाहीत. शेतात मात्र सहज म्हणून जायचे आणि मी दिवसभर हवेत असायचो.

मग एक दिवस ते बंद झालं. मी सातवीत होतो. मायनं मला छपरीच्या कोपऱ्यात वेगळं बसवलं, वेगळं ताट दिलं, आणि थोड्या कौतुकानंच म्हणाली की आता तू बाई झाली. मी असा रडलो की शेजारच्या कमलाकाकू कोणी वारलं का म्हणून पाहायला आल्या. सगळ्याच पोरी रडतात, असं त्या म्हणाल्या. रडतही असतील. पण ताई रडली होती ती पोटात दुखलं म्हणून. मी रडत होतो ते एक दार कायमचं लागलं म्हणून, आणि हे मी कोणाला सांगू शकत नव्हतो. पुढच्या सुटीत बाबा एकटेच शेतात गेले. मी मायजवळ बसून भाजी निवडली. ताईचं दहावीनंतर लग्न झालं. मला मात्र मार्क चांगले पडत गेले, आणि बाबांनी कोणाला न विचारता मला बुलडाण्याच्या कॉलेजात घातलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. राजूर घाट चढून एसटी वर आली तेव्हा थंड हवा लागली. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

तसं झालं नाही. मुलींच्या वसतिगृहात खोली मिळाली. चांगल्या मुली होत्या, मला आपल्यातलीच समजायच्या, आणि तेच जड जायचं. संध्याकाळी त्या एकमेकींचे केस विंचरत बसायच्या, मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. आधी झोप गेली, मग भूक. मग असं होऊ लागलं की वर्गात सरांचं बोलणं ऐकू यायचं, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात मी विसरून जायचो. आंघोळ करायला उठणं म्हणजे डोंगर उचलणं. पुढे पुढे घाटातल्या मोठ्या वळणावरचा कठडा सारखा डोळ्यांसमोर यायला लागला. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. खोलीतली मैत्रीण जया हिच्या एकदा ते ध्यानात आलं. तिनं माझा हात धरला आणि चप्पलही नीट घालू न देता मला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर वयस्क होते, कमी बोलायचे. त्यांनी गोळ्या दिल्या, जेवल्यावरच घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, असं दोनदा सांगितलं, आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं. दोन-तीन खेपा झाल्यावर, भूक जरा परतल्यावर, मी त्यांना मान खाली घालून सांगितलं की मला मी मुलगी वाटत नाही. कधीच वाटलेलो नाही. मला वाटलं ते गोळी वाढवतील. ते म्हणाले, “झोप न येणं, जगू नये असं वाटणं, हा आजार आहे. त्याला गोळी आहे. तू जे म्हणतोस, तो आजार नाही. त्याला गोळी नसते, लागतही नाही.” मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसलो. त्यांनी ‘म्हणतोस’ म्हटलं ते मुद्दाम की चुकून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

घरी मी फक्त गोळ्यांचं सांगितलं. माय घाबरली. तिनं माझ्या दंडाला काळा दोरा बांधला आणि मला न विचारता एक नवस बोलून टाकला, की माही बेबी बरी होऊ दे, ती पाच वर्षं हरतालिकेचा निर्जळ उपास करीन. आमच्याकडे असा नवस मोडला तर तो घरधन्याला लागतो, असं बायका मानतात. म्हणजे माझी भाकर एका पारड्यात आणि बाबांचा जीव दुसऱ्यात. मायनं हे कपटानं केलं नव्हतं. तिच्याकडे माझ्यासाठी करण्यासारखं जे होतं, ते तिनं केलं होतं.

पोळ्याला मी घरी आलो. आत्याही नांदुऱ्याहून माहेरी आली होती, हरतालिका करूनच जाणार होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवऱ्याचं धान्याचं दुकान, चार माणसांत ऊठबस, आणि आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. येतानाच ती माझ्यासाठी स्थळ घेऊन आली होती, लोणार तालुक्यातल्या बीबी गावचं. तिनं मायला समजावलं की पोरींचं डोकं असंच फिरते, लग्न झालं की आपोआप जागेवर येते, तिच्या जावेच्या बहिणीचंही तसंच झालं होतं. पाहुणे रविवारी येणार होते. गोळ्यांचं कोणाजवळ बोलायचं नाही, पाकीट वरच्या डब्यात ठेवायचं, आणि पाहुणे असेपर्यंत गोळी घ्यायचीच नाही, म्हणजे डोळे जड दिसणार नाहीत. हे सगळं माझ्यासमोर ठरलं. मी ऐकत होतो आणि लसूण सोलत होतो. मला आजही कळत नाही की एवढ्या मोठ्या गोष्टी ठरत असताना माझे हात इतके शहाण्यासारखे कसे चालत होते.

हरतालिकेच्या सकाळी बायका नदीवर जाऊन वाळू घेऊन आल्या. आमचं अंगण मोठं, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांची पूजा आमच्याकडे. अंगणात वाळूची पिंड झाली, बेल, आघाडा, रुईची पानं आली, हळदीकुंकवाची ताटं आली. मायनं तिची हिरवी साडी मला नेसवली. मी नेसलो. मी काही उठल्याबरोबर बंड करणारा नव्हतो, आणि हे लिहिताना मला तसं दाखवायचंही नाही. मी बसलो, पानं वाहिली, आरतीला टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पोरी एकमेकींना चिमटे काढत होत्या, तुले मिशीवाला भेटन, तुले टकला भेटन, असं चाललं होतं. एकीनं मला विचारलं की तुले कसा पाहिजे. मी हसलो. हसण्याची मला तेव्हा चांगली सवय होती.

दुपार झाली. गोळीची वेळ झाली. मी उठून सैपाकघरात गेलो. चूल थंड होती. सकाळी मायनं बाबांपुरत्या भाकरी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, कळण्याच्याच, आणि वाटीत ठेचा. मी वरच्या डब्यातून पाकीट काढलं. माझ्यामागे माय आली. सकाळपासून तिनंही पाणी प्यायलेलं नव्हतं, ओठ सुकून पांढरे पडले होते. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मला वाटलं ती पाकीट हिसकावेल.

ती हळूच म्हणाली, “आतच खाऊन घे. दार लोटून घे. मी सांगीन, पोट दुखून राह्यलं म्हणून.”

मायनं त्या क्षणी जे दिलं ते तिच्या हिशेबी फार मोठं होतं. नवस तिचा, नवरा तिचा, आणि तरी ती मला म्हणत होती की खा, फक्त दिसू देऊ नको. मी तिचं ऐकलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. भाकर पोटात गेली असती, गोळी गेली असती, बायकांनी पोटदुखीला ओवा सुचवला असता. पण मी त्या अंधाऱ्या खोलीत फडकं हातात धरून उभा होतो आणि मला दिसलं की रविवारीही असंच दार लोटलं जाईल. मग बीबीला एका परक्या घरात मी आयुष्यभर दाराआड गोळ्या खात राहीन, दाराआडच मी असेन, आणि एक दिवस गोळ्या संपतील. मला खरंच फार भीती वाटली. ती भीती अंगणातल्या बायका काय म्हणतील या भीतीपेक्षा मोठी निघाली.

मी फडकं, ठेच्याची वाटी आणि पाकीट घेऊन बाहेर आलो. बाबा नुकतेच शेतातून आले होते, छपरीत हातपाय धुऊन बसले होते. त्यांच्यासमोर ताट मांडलं, माझं मांडलं, आणि अंगणाकडे तोंड करून मांडी घालून बसलो. हिरव्या साडीत मला मोकळी मांडी घालता येईना, म्हणून ती गुडघ्यापर्यंत खोचून घेतली. भाकर मोडली, ठेचा लावला, आणि पहिला घास घेतला. अंगणातला आवाज हळूहळू कमी होत गेला.

आत्या म्हणाली, “बेबी, भुलली काय तू? आज हरतालिका हाये.”

मी म्हणालो, “ठाऊक हाये मले. गोयी घ्यायची हाये. उपाशीपोटी नाई चालत.”

कमलाकाकूंनी विचारलं, कशाची गोयी. मी म्हणालो, डोक्याची. वर्ष होत आलं खाऊन राह्यलो, खाल्ली नाही तर मला झोप येत नाही आणि जीव नकोसा होतो. मग कमलाकाकूच म्हणाल्या, “मले बी दे बापा एक. माही सून पाहून माहं बी डोकं फिरते.” एक-दोघी फिसकन हसल्या. त्यांची सून तिथेच बसली होती, तीही हसली. त्या हसण्याचे माझ्यावर उपकार आहेत. त्यामुळे दुसरा घास गिळता आला.

आत्या मात्र उठून छपरीपर्यंत आली. आवाज दाबून म्हणाली, “रविवारी पाहुणे येऊन राह्यले, आन तू गावासमोर सांगून राह्यली. कोन करन तुले?”

“कोणी करू नये म्हणूनच सांगून राह्यलो.” मी म्हणालो. “मले नवरा नाई पाहिजे, आत्या. मी पोरगी नाई. लहानपणापासून नाई.”

ते अंगणात किती जणींना कळलं, ठाऊक नाही. काहींना वाटलं असेल की आजाराचंच बोलणं आहे. आत्यानं कपाळाला हात लावला. माय सैपाकघराच्या दारात उभी होती. तिला माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या हातातला घास दिसत होता. ती बाबांकडे पाहत म्हणाली की नवस मोडला, आता कोणावर येईल. बाबा इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. त्यांनी त्यांची अर्धी भाकर मोडली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाले, “माह्यावर येईन तं येऊ दे. खाऊ दे तिले.”

ते ‘तिले’ म्हणाले. मी हे लपवणार नाही. बाबांना गोळी समजली होती, दुसरं समजलं नव्हतं, आणि पुढे कितीतरी वर्षं समजलं नाही. लोकांना वाटतं की अशा प्रसंगी बाप सगळं समजून मिठी मारतो. माझ्या बापानं अर्धी भाकर दिली. मला ती पुरली. मी ती सगळी खाल्ली, पाणी प्यायलो, आणि अंगणाकडे पाहतच गोळी घेतली.

बायका गेल्या. पिंड तशीच राहिली, दुसऱ्या दिवशी नदीत शिरवायची होती. मी साडी सोडून कॉलेजातला सदरा घातला आणि ताटं घासली. आत्या बॅग भरत होती. ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती की बीबीला फोन ती करणार नाही, शब्द तिनं टाकला होता, तोंड काळं तिचं झालं. ज्यानं भाकर खाल्ली त्यानंच सांगावं. माय म्हणाली की दोन दिवस थांबू, कदाचित पोरीचं मन वळेल. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला, बटण दाबलं, आणि वाजायला लागल्यावर माझ्या हातात दिला.

“तूच सांग,” ते म्हणाले. “मले नाई सांगता येत.”

मी तयार नव्हतो. पलीकडून मुलाच्या वडिलांचा आवाज आला, मोठा, मोकळा. त्यांनी आमच्या गावाचं नाव घेऊन विचारलं, कोण बोलतंय. घरात तिघं जणं माझ्याकडे पाहत होती. आत्याच्या हातात घडी घातलेलं लुगडं तसंच राहिलं होतं. बेबी म्हणावं, तर पोरीनं स्वतः फोन केला म्हणून बोभाटा. दुसरं काय म्हणावं, ते मी आयुष्यात कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. घसा खाकरला.

“घरातला मुलगा बोलतोय,” मी म्हणालो.

“हां, बोला की,” ते म्हणाले. त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. मी कोणाला तरी माझ्याबद्दल खरं सांगितलं होतं, आणि त्या माणसानं ते श्वासही न अडखळता मान्य केलं होतं. बीबीच्या त्या अनोळखी माणसाला हे कधीच कळणार नाही.

मी सांगितलं की रविवारी येऊ नका. आमच्याकडून लग्न होणार नाही. तुमच्यात काही कमी नाही, घर चांगलं आहे, पण इथे होणार नाही. मग त्यांनी विचारलं की पोरीचं नाही म्हणणं आहे का. मी हो म्हणालो.

“अहो, पोरींचं काय असतंय,” ते समजुतीनं म्हणाले. “तुम्ही भाऊ हाय ना तिचे. नीट बसवून समजावून सांगा की तिला.”

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी मघाशी ऐकलं होतं मी काय म्हणालो ते, आणि त्यांनी फोन परत मागितला नव्हता.

“खूप सांगून पाहिलं,” मी म्हणालो. “सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती नाही ऐकत.”